उंबऱ्यावरचा शब्द

काशीकाका दुकानात शिरायच्या आधी त्यांचा वास शिरायचा, मिठाचा आणि अमोनियाचा. बर्फाच्या कारखान्यात दिवसभर राबणाऱ्याला तो वास अंघोळीनंतरही सोडत नाही, आणि काका तर कारखान्यातून सरळ माझ्याकडेच यायचे. माझ्या सायबरात तेव्हा चार संगणक होते आणि एक खोकणारं झेरॉक्स मशीन. काका भिंतीकडचा संगणक धरायचे. बसल्यावर दोन्ही हात काखेत घालून थोडा वेळ नुसतेच पडद्याकडे बघत राहायचे. बोटांत जीव आला की मग माऊसला हात.

"काका, त्याला हुडहुडी भरता हां," मी म्हणायची.

"तुझो उंदीर, तू बघ," ते म्हणायचे.

मालवणात दोन हजार सातच्या सुमाराला सायबरात कोण येतं हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. कॉलेजची पोरं, नोकरीचे अर्ज भरणारे, आणि मी पाठ वळवली की भलतंच काही उघडणारे. पन्नाशी उलटलेला, सातवी शिकलेला, गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेला माणूस रोज संध्याकाळी येऊन जगातल्या उचापती वाचत बसतो, हे पहिले काही दिवस मला खरंच वाटेना. मला वाटलं, चुकून आलाय, दोन दिवसांत कंटाळेल. पण ते कंटाळले नाहीत. गोव्यात सुरमईला काय भाव मिळाला, देवमासा झोपतो कसा, कन्या राशीला हा आठवडा कसा, सगळं वाचायचे. दक्षिण ध्रुवाचे फोटो त्यांना फार आवडायचे.

"बघ गो जान्हवी. हयसर बर्फ फुकट आसा आणि गिऱ्हाईक एक नाय. देव पण मस्करेखोर."

ओठ हलवल्याशिवाय त्यांना वाचता येत नसे. त्यामुळे ते जे वाचतील ते अख्ख्या दुकानाला ऐकावं लागे. पोरं हसायची, आणि मी त्यांच्यावर डाफरायची. दिवसभर गोठलेल्या साच्यांशी झोंबून आलेला माणूस तासभर देवमाशाची झोप वाचतो, तर वाचू दे ना बापडा.

काका मूळचे रापणीतले. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून पाच-पन्नास माणसांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. त्यांच्या वडिलांनी ओढली, त्यांनीही तरुणपणी ओढली. मग मोठे यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन दर्या खरवडून न्यायला लागले, आणि रापणीत मासळीऐवजी शेवाळ यायला लागलं. काका रापण सोडून बर्फात शिरले. ट्रॉलरचं नाव काढलं की ते थुंकायचे, आणि माझ्या दुकानात थुंकता येत नसल्यामुळे नुसता तसा आवाज करायचे.

बर्फाच्या कामात एक गोष्ट अशी आहे, जी बाहेरच्यांना ठाऊक नसते. बर्फाच्या लाद्या बंदरावर जातात, मासळीत जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मधूनच एखादी लादी कोणाच्या तरी घरी जाते. मुंबईचा मुलगा पोचेपर्यंत बापाला ठेवायचं असतं, त्यासाठी. त्यामुळे गावात कोण गेलं हे काशीकाकांना नातेवाइकांच्याही आधी कळायचं. अशा दिवशी ते संध्याकाळी यायचे, हात काखेत घालायचे आणि काहीही न वाचता बराच वेळ बसायचे. कोणासाठी, हे मात्र ते कधीही विचारत नसत. ते म्हणायचे, "नाव इचारला की लादी जड होता."

मला त्या वाक्याची तेव्हाच भीती वाटली होती.

मग त्यांना 'खळ्यातल्यो गजाली' सापडली. गावोगावच्या, मुंबईतल्या आणि आखातातल्या मालवणी माणसांनी गप्पा मारायला काढलेलं ते एक पान होतं. अक्षरं इंग्रजी आणि भाषा मालवणी. वाचायला ती एक कसरतच. काका एकेक अक्षर चावून बाहेर काढायचे आणि शब्द पुरा झाला की खूष व्हायचे. कोणी माशांची कालवणं लिही, कोणी दशावतारातल्या संकासुराच्या नकला. आणि उठताना जो तो एकच शब्द लिहायचा. "बॉस इलो, येतंय." "भात करपलो, येतंय." देवमासे आणि राशिभविष्य मागे पडलं. रोज संध्याकाळी खळ्यातल्यो गजाली.

त्यात 'पेडवो' या बारीक माशाच्या नावाने एक जण लिहायचा. थोडंच लिहायचा, पण छान. काका त्याचं लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचत आणि तेवढं मात्र मनातल्या मनात, ओठ न हलवता वाचायचा प्रयत्न करत. माझ्या हे लक्षात यायला वेळ लागला. एक दिवस मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पेडव्याने लिहिलं होतं, "माझो बापूस सांजचो घराक येय तेवा त्येचे हात असे थंड आसत की आमी पोरां हात लावन लांब पळू. मगे तो मुद्दाम आमच्या पाठीत हात घाली." काकांचे हात तेव्हा काखेत होते. ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "लांब हो गो. उजेड अडता."

मी लांब झाले. पेडवो म्हणजे त्यांचा झील, मुलगा स्वरूप, हे मला आणखी कोणी सांगायला नको होतं.

पण आपल्याच झिलाचं लिहिलेलं बाप चोरून का वाचतो, ते मला त्याच्या आईने सांगितलं. शेवंतीकाकी आठवड्याच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसते. मी बांगडे निवडत होते आणि सहज विचारलं, स्वरूप कसा आहे. ती मासळीवरच्या माश्या हाकत राहिली.

"रत्नागिरीकडे आसा. ट्रॉलरार."

रापणकराचा मुलगा ट्रॉलरवर खलाशी! काकांनी घर डोक्यावर घेतलं असणार, हे मी ओळखलं.

"घेतल्यानीच," काकी म्हणाली. "म्हणाले, ज्या बोटींनी आमका भिकेक लायल्यानी, त्येंचा मीठ खातलंस? तर पोरगो म्हणालो, त्याच बोटींका तुमी बर्फ घालतास, ता चलता? ह्येंका कायच बोलूक येयना. मगे तो उंबऱ्यार उभो रवलो, पिशयी खांद्यार, आणि म्हणालो, 'जातंय.'"

माझ्या हातातला बांगडा तसाच राहिला. आमच्याकडे घरातून निघताना कोणी 'जातंय' म्हणत नाही. काडेपेटी आणायला निघालेला माणूससुद्धा 'येतंय' म्हणतो आणि घरातलं कोणीतरी आतून 'ये' म्हणतं. म्हणजे वाट मोकळी राहते. 'जातंय' म्हणून निघालेल्याचं काय होतं, हे आमच्याकडे कोणी सांगत नाही, कारण ते तोंडाने सांगायचीच भीती.

"मग काका काय म्हणाले?" मी विचारलं.

"'जा' म्हणाले," काकी म्हणाली, आणि माझे बांगडे पिशवीत घालायला लागली.

त्यानंतर दोन वर्षं बापाने मुलाला फोन केला नाही आणि मुलाने बापाला. आईला तो फोन करायचा, पण काका घरात नसताना. आणि रोज संध्याकाळी, हात थिजलेला तो हट्टी माणूस माझ्या दुकानात बसून मुलगा काय जेवला, कुठल्या बंदरात उतरला, कोणत्या सिनेमाला झोपला, ते सगळं वाचून घरी जायचा. मला त्यांचा रागही यायचा. "काका, खाली एक ओळ लिवा ना," मी कितीदा सांगितलं. ते ऐकू न आल्यासारखं करायचे. उठताना मात्र न चुकता मला म्हणायचे, "येतंय गो." आणि मी म्हणायची, "या." एकदा मी फोनवर होते, 'या' म्हणायचं राहिलं, तर ते पायरीवर तसेच उभे राहिले होते, माझा फोन संपेपर्यंत.

एक गोष्ट मला खुपत होती. खळ्यातल्या गजालीत सगळे जण उठताना 'येतंय' लिहायचे, पण पेडवो कधीच लिहायचा नाही. बोलता बोलता गप्प व्हायचा. घरातून 'जातंय' म्हणून निघालेल्याला तो शब्द लिहायचा हक्क राहिलेला नाही, असं त्याला वाटत असावं. काकांच्या हे लक्षात आलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

दोन हजार नऊच्या नोव्हेंबरातली एक रविवारची संध्याकाळ. जत्रांचे दिवस सुरू झाले होते. काकांनी मला हाक मारली, आणि ती हाक अशी होती की मी गिऱ्हाइकाचे सुटे पैसे हातात तसेच घेऊन गेले.

"वाच. माका बरोबर वाचूक येता काय बघ."

मी वाचलं. "जत्रेचे दिवस इले. आवशीच्या हातचा तिसऱ्यांचा सुका डोळ्यासमोर येता." आणि खाली, वेगळ्या ओळीत, एकच शब्द. "येतंय."

"येता तो," काका म्हणाले. "जत्रेक येता." त्यांनी हात काखेतून काढले आणि टेबलावर ठेवले. मी त्यांना इतकं खूष कधी पाहिलं नव्हतं. खाली लोकांची उत्तरं यायला लागली होती. "ये रे ये." "येताना माका बोलय." काका एकेक मोठ्याने वाचत होते.

"काका, आता तरी लिवा. नुसता 'ये' लिवा."

"हय? पडद्यार? आणि बापूस चोरून वाचता म्हणान सगळ्या गावाक कळूक?" ते म्हणाले. "येवंदे त्येका. तोंडान सांगतलंय."

बऱ्याच वेळाने ते उठले. जाताना बाजारातून खाजं, जत्रेतला तो गोड खाऊ, घेऊन जाणार होते. मी पुन्हा त्या पानाकडे पाहिलं. त्याच पानावर वर-खाली दहा माणसांनी 'येतंय' लिहिलं होतं, आणि त्यातला एकही येणार नव्हता. सगळे निघाले होते. मी कोणाला काही बोलले नाही, कारण माणसाचा तेवढा आनंद हिसकावून घ्यायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी शेवंतीकाकी दुकानात आली. ती आधी कधीच आली नव्हती. चपला बाहेर काढून, देवळात शिरतात तशी शिरली. "खंयचा ता, दाखय," म्हणाली. मी पान उघडून बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही. तिने तो शब्द बोटाने हलकेच पुसून पाहिला आणि बराच वेळ बघत राहिली.

"ह्ये म्हणतत, झील येता. घर सारवक सांगितल्यानी माका." मग ती माझ्याकडे वळली. "पण माका एक सांग. हो शब्द बोललो, तेवा तेचो पाय उंबऱ्याच्या भायर होतो की भितर?"

मी शिकलेली, बी. कॉम. झालेली. पण पडद्यावर उंबरा कुठे असतो? उंबऱ्यावर उभा असलेला माणूस दिसतो, त्याची पाठ दिसते, पिशवी दिसते. इथे नुसती पाच इंग्रजी अक्षरं होती. मी म्हटलं, "फोन लाव ना काकी." तिने सकाळपासून तीनदा लावला होता. लागत नव्हता.

त्या दिवशी हवा कुंद होती. ऐन नोव्हेंबरात अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. वारा बंद, नारळाचं झावळ हलेना, आणि तरी बंदरावर लाटा मोठाल्या येत होत्या. मंगळवारी बंदरावर धोक्याचा बावटा चढला. इथल्या होड्या ओढून वर घेतल्या. काका कारखान्यातून आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच मला विचारलं, "हवामानाचा काय लिवलेला आसा काय?" मी काढून दिलं. दक्षिणेकडून वादळ वर सरकत होतं. त्यांनी ते वाचलं, मग खळ्यातल्यो गजाली उघडली. पेडव्याचं नवीन काही नव्हतं. 'येतंय' तसंच होतं.

"गाडयेत असतलो," काका म्हणाले. "गाडयेत रेंज नसता."

मी माझ्या संगणकावर हवामानाचं पान पुन्हा उघडलं.

बुधवारी वादळ आलं. मालवणात पत्रे उडाले, माड आडवे झाले, वीज गेली, फोन मेले. मी दुकानाचं शटर ओढून आत बसले. त्या दिवशी काका कारखान्यातच होते. वीज नसली की बर्फ थांबत नाही. गोठलेले साचे हळूहळू सुटायला लागतात आणि पाणी वाहायला लागतं. तिथल्या एका कामगाराने मला मागाहून सांगितलं की काशीराम दिवसभर एका लादीजवळ बसून होता, ती वितळू नये म्हणून तिच्यावर गोणपाटं टाकत होता, आणि कोणी काही विचारलं की म्हणायचा, "ही ठेवा. ही लागात."

वादळ सरलं आणि पुढच्या चार-पाच दिवसांत आजूबाजूच्या किनाऱ्यांवर काय काय लागलं, ते इथे लिहीत नाही. बर्फ मागायला माणसं येत होती. आयुष्यभर कोणासाठी हे न विचारणारे काका प्रत्येकाला विचारायला लागले. "कोणासाठी? वय काय? कपडे खंयचे?" लोक चिडायचे, मग ओळखायचे आणि गप्प व्हायचे.

स्वरूपची बोट परत लागली नाही. शोधायला गेलेल्यांना तिची एक फळी मिळाली, माणूस कोणी मिळाला नाही. काकांच्या घरी लादी न्यायची वेळ आलीच नाही, आणि मला वाटतं, ते जास्त वाईट झालं. घर सारवलेलं होतं. खाजं डब्यात तसंच होतं. शेवंतीकाकी बाजारात बसायला लागली, काका पुन्हा संध्याकाळी यायला लागले. काही वाचत नसत. ते पान उघडून बसत.

"इलो असतो तो," ते एकदा म्हणाले. "येवकच निघालो होतो. बोटीर कित्याक गेलो कोण जाणा." तेवढं एक त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. मुलगा घरी यायला निघाला होता.

डिसेंबरात एक अनोळखी माणूस दुकानाच्या दारात आला. पंचविशीचा, तापातून उठल्यासारखा दिसणारा. मला म्हणाला, "काशीराम बर्फवाले खंय गावतले? स्वरूपान सांगितलेल्यान, सांजचो बापूस सायबरात असता."

काका खुर्चीतून वळले. म्हणजे मुलाला ठाऊक होतं.

त्याचं नाव शिवा. त्याच बोटीवरचा खलाशी. ताप होता म्हणून त्या फेरीला तो मागे राहिला होता. मी त्याला स्टूल दिलं, पण तो बसला नाही. काकांनी त्याला एकच विचारलं.

"तो घराक येवक निघालो होतो मां?"

शिवाने माझ्याकडे पाहिलं.

"नाय काका," तो म्हणाला. "आमची बोट सुटाची होती. तो धक्क्यार बसान मोबायलार लिवत होतो. मी म्हटलंय, काय लिवतंस रे इतक्या? तर म्हणालो, बापाशीक तेवा उलटा बोललंय, आज सुलटा लिवतंय. ह्यावेळी बापूस 'ये' म्हणाक व्हयो. गावच्या कोणीतरी त्येका सांगितलेल्यान की तुमी रोज वाचतास."

काकांचे हात पुन्हा काखेत गेले होते.

"मगे बोट सुटली," शिवा म्हणाला. "तो बोटीच्या नाळीर उभो रवान मोबायल बघी होतो. मी हात केलंय, तरी त्येचा लक्ष नाय. रेंज जायसर बघीत रवलो असतलो." आपण नको ते बोललो असं त्याला वाटलं असावं. तो घाईघाईने म्हणाला, "येतंय काका," आणि पायरी उतरला. त्याला 'ये' म्हणायचं काकांना सुचलं नाही. मी म्हटलं.

ज्या वेळी तो बोटीवर उभा राहून बघत होता, त्या वेळी काका इथे, या खुर्चीत होते. दहाही बोटं टेबलावर, पडद्यासमोर. हे त्यांच्या मनात आलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

थोड्या वेळाने ते उठले. दारापर्यंत गेले. आणि मागे न वळता म्हणाले, "जातंय गो."

"काका, तसा म्हणा नको," मी म्हटलं. "येतंय म्हणा."

"येतंय म्हणान काय झाला?" ते म्हणाले आणि उतरले. मी दारात धावले. ते बाजाराकडे वळले नाहीत, घराकडेही नाही. बंदराकडे निघाले होते. मी ओरडले, "या, काका. उद्या बेगीन या." रस्त्यातली माणसं माझ्याकडे बघायला लागली. ते थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मी भिंतीकडच्या संगणकावर कोणाला बसू दिलं नाही, दोन पोरांशी त्यावरून भांडले. दिवस कलायला लागला तसा मला धीर धरवेना. कारखान्यात फोन केला, तर म्हणाले, कामावर आलेला नाही. शेवंतीकाकीकडे जायला माझे पाय उचलेनात. मी रस्त्याकडे बघत बसले, आणि प्रत्येक दुमडलेली पँट मला त्यांची वाटत होती.

तिसऱ्या दिवशी आधी वास आला, मीठ आणि अमोनिया. मी मान वर केली नाही, कारण माझे डोळे भरले होते आणि ते त्यांना दाखवायचे नव्हते. काका आपल्या खुर्चीत बसले. या वेळी त्यांनी हात काखेत घातले नाहीत.

"जान्हवी," ते म्हणाले. "खालती लिवतत ता कसा?"

मी त्यांना चौकट उघडून दिली. शेवटची उत्तरं महिन्यापूर्वीची होती. ये रे ये. येताना माका बोलय. त्यांच्याखाली कोरी जागा होती.

"'ये' लिवाक कायकाय लागता?"

"वाय आणि ई," मी म्हटलं.

ही अक्षरं ओळीने का ठेवत नाहीत, असं पुटपुटत त्यांनी ती शोधली. एका बोटाने वाय दाबलं. बराच वेळ शोधून ई दाबलं. बोट अजून थंड होतं, ते दोनदा घसरलं आणि दोन ई पडले. मी पुसायला हात पुढे केला.

"ऱ्हवांदे," ते म्हणाले. "लांब हाक मारुची आसा."

त्याखाली मग कोणी काही लिहिलं नाही.